डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा

तेरा फॉर्म माझ्या टेबलावर परत आले होते. प्रत्येकावर लाल शाईत एकच शेरा : ‘अं. ठसा नाही. सबब परत.’

शेरा चुकीचा नव्हता. फॉर्मच्या तळाशी अंगठ्यासाठी छापलेली चौकट तेराही फॉर्मांवर कोरी होती. ती का कोरी आहे हे मला माहीत होतं, कारण फॉर्म मीच भरले होते. ती माणसं नाल्यापलीकडच्या झोपड्यांत राहणारी महारोगी होती. आता आपण कुष्ठरोगी म्हणतो, तेव्हा तसं म्हणत नसत. काहींच्या डाव्या हाताला अंगठाच नव्हता. काहींचा होता, पण त्याच्यावर रेषा उरल्या नव्हत्या. शाई लावून कागदावर दाबला की नुसता काळा डाग उठायचा. त्यांच्या वस्तीत ज्यांचे अंगठे शाबूत होते त्यांची कार्डं कधीच झाली होती. हे तेरा राहिले.

लढाईचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावच्या म्युनिसिपल कमिटीत क्लार्क होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या लोकांचे नातेवाईक अजून आसपास असतील. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरला निघायचा, बुलढाण्याला डी.सी. साहेबांकडे, म्हणजे डेप्युटी कमिशनरांकडे यायचा, तिथून तहसिलीत आणि शेवटी आमच्या टेबलावर. येता येता त्याचा अर्थ बारीक होत जायचा.

गावात रेशनिंग नवीन सुरू झालं होतं. ज्याला आज कुणी विचारत नाही ते कार्ड तेव्हा सोन्यासारखं होतं. प्रत्येक चुलीमागे एक कार्ड. कार्डावर युनिट लिहायचं : मोठ्या माणसाचं एक युनिट, लहानाचं अर्धं. युनिटाप्रमाणे दुकानातून ज्वारी, थोडी साखर, थोडं रॉकेल. कार्ड नसेल तर दुकानदाराने दाणा द्यायचा नाही, दिला तर खटला.

आता नाल्यापलीकडच्या लोकांची अडचण बघा. रेशनिंगच्या आधी ते सकाळी गावाच्या कडेने फिरायचे. बाया पसाभर पीठ, कालची भाकर टाकायच्या. रेशनिंग आलं आणि प्रत्येक घरचं पीठ मोजून यायला लागलं. बाया भाकरीऐवजी पैसा-दोन पैसे टाकू लागल्या. त्यांना वाटे, पैसा दिला म्हणजे जास्तच दिलं. पण कार्ड नसलेल्या माणसाला त्या पैशाचा दाणा कुणी विकेना. हातात पैसा आणि पोट रिकामं.

मी फॉर्म घेऊन सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. ते मनाने वाईट नव्हते. कागदाला मात्र घाबरायचे. मी म्हणालो, साहेब, पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊ. त्यांनी चष्मा वर केला.

“फॉर्ममध्ये काय छापलंय?”

“डाव्या हाताच्या.”

“मग?”

तरी मी तहसिलीत जाऊन नायब तहसीलदारांना विचारून आलो. रेशनिंगचा चार्ज त्यांच्याकडे होता. तरुण माणूस, नुकतेच आलेले, कडक. त्यांनी सांगितलं की पायाचा ठसा ते मान्य करणार नाहीत. उद्या कुणीही कुणाच्याही पायाचा आणून देईल. मी म्हणालो, मग तेरा जणांचं मिळून एक कार्ड करू, एकाच्या नावावर. त्यांनी विचारलं, एकमेकांचे कोण लागतात? कुणी कुणाचं लागत नव्हतं. कुणी मेहकरकडचा, कुणी शेगावच्या स्टेशनाबाहेर बसून बसून इकडे आलेला. जाती वेगळ्या, गावं वेगळी. नियमात कुटुंब म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं नातं. तेही गेलं. शेवटी ते म्हणाले, महिना संपायच्या आत फॉर्म पूर्ण करून आणा, नाहीतर पुढच्या यादीत बघू. पुढची यादी तीन महिन्यांनी होती. महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

आता हे वस्तीवर जाऊन सांगायचं कोणी? शिपायाने सरळ नाही म्हटलं. मग मीच गेलो.

मी काही धीट माणूस नव्हतो, हे आधीच सांगतो. फॉर्म भरतानाही मी दहा हात लांब उभा राहून नावं विचारली होती आणि घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली होती. त्या दिवशीही तसाच लांब, बाभळीच्या सावलीत उभा राहिलो. नाला कोरडा होता. पलीकडे झोपड्या. माणसं बाहेर येऊन बसली. त्यांच्या वतीने बोलायची ती सुभद्रा नावाची बाई. वय चाळिशीच्या आसपास. दोन्ही हातांची बोटं मुळापर्यंत झडलेली, तळहात तेवढे राहिलेले. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं.

मी सांगितलं, फॉर्म परत आले. अंगठा पाहिजे म्हणतात.

ती म्हणाली, “अंगठा कुठून आनू, बाबू?”

कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही. मी कागद घडी करून निघालो. तेवढ्यात तिने हाक मारली.

“थांबा. त्यात काय लिवलं हाये ते वाचून दाखवा.”

मी म्हणालो, सांगितलं ना, अंगठा.

“तुमी सांगतलं. आता वाचा. जसं लिवलं तसं.”

मला थोडा राग आला. फॉर्म उघडला आणि मोठ्याने वाचायला लागलो. अर्जदाराचं नाव, मूळ गाव, राहण्याचं ठिकाण, युनिट. मग चौकटीच्या वरची बारीक ओळ : ‘अर्जदाराची सही अथवा डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा.’

ती म्हणाली, “सही म्हंजे?”

“आपल्या हाताने आपलं नाव लिहायचं.”

“मंग आमी नाव लिवतो.”

मी तिच्या हातांकडे पाहिलं. तिने पाहिलं की मी पाहिलं. मी म्हणालो, बाई, तुम्हाला लिहिता येतं का? नाही म्हणाली. इथल्या कुणाला येतं? कुणालाच नाही. हे काम शाळेतली धडधाकट पोरं वर्षभरात करतात, तुमच्याकडे अकरा दिवस आहेत, असं मी तिला समजावू लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी कागदावर एकेकाचं नाव मोठं काढून द्या. बाकी आमचं आमी पाहू.”

मी नावं काढायला बसलो. कचेरीतल्या जुन्या नोटिसांच्या पाठीवर, बोटाएवढ्या जाड अक्षरांत. तिचं नाव लिहायला घेतलं तेव्हा मला वाटलं, हे अवघड पडेल. सु, भ आणि मग द्रा, जोडाक्षर. मी सुचवलं की सहीला सोपं काही लिहू, ‘गंगा’ लिहू, चालून जाईल.

ती म्हणाली, “घर गेलं, बोटं गेली. नाव तेवढं राह्यलं. तेबी बदलू काय?”

मी ‘सुभद्रा’ लिहिलं. कोणता कागद कुणाचा ते सांगत तेराही दगडाखाली ठेवले आणि परत आलो. सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही त्यांना नाही म्हणू शकला नाहीत, एवढंच झालं. मलाही तसंच वाटत होतं.

सहाव्या दिवशी मी पाहायला गेलो. खरं म्हणजे ते नाद सोडून बसले असतील, तर फॉर्म फायलीला लावून मोकळं व्हावं, असा विचार होता.

नाल्याच्या काठावर आलो आणि थांबलो.

नाल्याचं सगळं पात्र अक्षरांनी भरलं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत वाळूत नावंच नावं. काही हातभर मोठी, काही वितीएवढी. एकावर एक, वाकडी, पडलेली, मोडलेली, पुन्हा काढलेली. सुरुवातीची वरच्या अंगाला होती, त्यांत अक्षर ओळखू येत नव्हतं, नुसत्या रेघोट्या. जसजसं खाली यावं तसतशी अक्षरं उभी राहत गेली होती. ‘स’ला पोट आलं होतं. ‘भ’ला गाठ आली होती. मी काठाकाठाने चालत गेलो. दोनशे पावलं तरी असतील. पाय कुठे ठेवावा कळेना, कुणाच्या ना कुणाच्या नावावर पडत होता.

मी शाळा पाहिल्या आहेत, पुढे शिक्षण खात्याचीही कामं केली. एवढा मोठा गृहपाठ मी आयुष्यात पाहिला नाही.

खाली माणसं बसलेली होती, प्रत्येक जण आपल्या जागी. प्रत्येकाची पद्धत वेगळी. सुभद्राने पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची सुकी काडी घेऊन तिला चिंध्या गुंडाळून मुसळासारखी जाड केली होती. ती दोन तळहातांत दाबून धरायची आणि सगळ्या खांद्यांतून लिहायची. एकाने काडी मनगटाला बांधून घेतली होती. एक म्हातारी दातात धरून लिहीत होती, मान हलवत. वारा सुटला की वाळूवरचं उथळ काढलेलं नाव पुसलं जाई. मग पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, दिवसातून किती वेळा? सुभद्राला सांगता आलं नाही. “दिसते तोवर,” म्हणाली. उजेड आहे तोवर.

एक माणूस मात्र झोपडीच्या सावलीत पालथा पडला होता. तोंड जमिनीला लागलेलं. मला वाटलं, भुकेने आडवा झाला असेल. हा गोविंदा. रोगाने त्याचे दोन्ही डोळे गेले होते. फॉर्म भरताना मीच ‘अंध’ असं लिहिलं होतं. मी सुभद्राला म्हणालो, याला आजारी माणसांत धरा, याच्यासाठी मी वेगळा अर्ज करतो.

“आजारी नाई तो. वाचून राह्यला.”

मला समजलं नाही. ती म्हणाली, जवळ येऊन पाहा. त्या दिवशी मी पहिल्यांदा नाला ओलांडला.

गोविंदाच्या तोंडाखाली वाळलेल्या चिखलाची एक फळी होती, पोळपाटाएवढी. नाल्याच्या काठची चिकणमाती थापून, ओली असताना सुभद्राने त्यात काडीने त्याचं नाव खोल कोरलं होतं आणि उन्हात वाळवलं होतं. गोविंदा ओठ त्या खाचेवरून फिरवत होता. हळूहळू. गो-ची काठी वर, काना, मात्रा, मग पुढे. शेवटी पोचला की परत पहिल्यापासून.

“त्याच्या हाताले काईच समजत नाई,” सुभद्रा म्हणाली. “चटका बसला तरी समजत नाई. डोये तर गेले. ओठाले समजते.”

हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. कुणी नाही. तिने आधी त्याच्या हाताने करून पाहिलं, मग कोपराने, मग गालाने. गालाला थोडं कळत होतं. ओठाला पुरतं कळलं.

गोविंदा उठून बसला. ओठांना माती लागलेली, एका ठिकाणी फुटलेले. सुभद्राने त्याच्या मनगटाला काडी बांधली. त्याने जमिनीवर नाव काढलं. वेलांटी सुटून बाजूला पडली होती, पण होती. अनुस्वार त्याने शेवटी दिला, टोचून, बरोबर ‘व’च्या डोक्यावर.

मी घड्याळ लावत नसे, त्यामुळे किती वेळ तिथे उभा होतो सांगता येणार नाही. एवढं आठवतं की त्या दिवशी घरी गेल्यावर अंघोळ करायचं राहून गेलं.

आता कागदाची बाजू उरली. अर्जदाराने अधिकाऱ्यासमोर सही करायची, असा नियम. त्यांना कचेरीत येऊ देणं शक्य नव्हतं, कमिटीच्या मेंबर लोकांनी गोंधळ घातला असता. मी नायब तहसीलदारांकडे जाऊन सांगितलं की तेरापैकी बारा जण सही करायला तयार आहेत, आपण गावाबाहेरच्या जकात नाक्यापर्यंत यावं.  ते म्हणाले, दुसऱ्याने हात धरून काढलेली सही मी घेणार नाही. मी म्हणालो, धरायला हात कुणाकडे आहे, साहेब? बोलून गेलो आणि वाटलं, नोकरी गेली. पण ते आले.

नाक्याबाहेर निंबाखाली टेबल लावलं. नाक्यावरचा कारकून आणि रस्त्यावरचे चार-दोन लोक लांबून बघत होते. शाईत बुडवून लिहायचे टाक मी आदल्या दिवशीच नेऊन दिले होते. ते काड्यांच्या टोकांना बांधले होते. वाळूवर लिहिणं वेगळं आणि कागदावर लिहिणं वेगळं. कागद फाटतो, शाई सांडते. याची मला धास्ती होती. सुभद्राला नव्हती. तिने आदल्या दिवशी सगळ्यांकडून केळीच्या पानावर करून घेतलं होतं. पान फाटलं नाही तर कागद फाटत नाही, असा तिचा हिशेब.

पहिली तीच आली. उभ्यानेच वाकून, दोन तळहातांत काडी धरून नाव काढलं. चौकटीत मावलं नाही, बाहेर गेलं. द्रा पूर्ण झाला. शिरोरेघ शेवटी ओढली.

नायब तहसीलदारांनी कागद उचलून पाहिला. मग एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, पुन्हा करा. मला वाईट वाटलं, पण त्यांचंही बरोबर होतं. सही म्हणजे जी दुसऱ्यांदाही तशीच येते ती. तिने पुन्हा केली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तोच ‘भ’, तीच जराशी डावीकडे कललेली मान. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर प्रत्येकाला दोन-दोनदा करायला लावलं. दातात काडी धरणारी म्हातारी टेबलावर वाकली तेव्हा त्यांनी स्वतः कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, सरकू नये म्हणून.

गोविंदा आला. मी त्याला दंडाला धरून टेबलापर्यंत आणलं आणि कागदाची कड कुठे आहे ते त्याच्या हनुवटीला लावून दाखवलं. त्याने लिहिलं. साहेबांनी दुसरा कागद पुढे केला नाही.

ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही कळलं नसावं, कारण उठल्यावर ते तसेच उभे राहिले आणि उरलेले फॉर्म त्यांनी उभ्यानेच पूर्ण केले.  मी तर यादी वाचायची विसरलो. नावं पुकारायची होती ती सुभद्रानेच पुकारली.

बारा झाले. तेरावा फॉर्म राहिला. रामजी म्हणून एक म्हातारा होता, अंथरुणाला खिळलेला. त्याच्याने काडी धरवत नव्हती, मानही उचलवत नव्हती. मला वाटलं, याचं काही होणार नाही. नायब तहसीलदारांनी फॉर्म हातात घेतला आणि सुभद्राला विचारलं, हा तुझा कोण लागतो?

 ती म्हणाली, “बाप.”

ती मराठ्याची, रामजी माळ्याचा. दोघांच्या फॉर्मवर माझ्याच हाताने गावं वेगळी लिहिली होती, आणि ते दोन्ही फॉर्म साहेबांच्या समोर होते. त्यांनी ते वाचले. मग माझ्याकडे वळले.

“काय हो, बरोबर आहे?”

“बरोबर आहे, साहेब,” मी म्हणालो.

तीस वर्षांच्या नोकरीत मी सरकारी कामात दिलेली खोटी ग्वाही ती एकच. त्यांनी सुभद्राच्या फॉर्मवर एकाची दोन युनिटं केली, शेजारी आपली सही ठोकली आणि टोपी घालून निघून गेले. त्यांची सही म्हणजे एक वेटोळं आणि एक लांब शेपूट होतं. सुभद्राने ते निरखून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, यात साहेबाचं नाव कुठं हाये? मी म्हणालो, मोठ्या लोकांचं असंच असतं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

पहिल्या तारखेला बारा कार्डं मिळाली. दुकानदाराने कुरकूर केली. मग दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळी मागच्या दाराने त्यांना माल द्यायचा, असं ठरलं. फार चांगली सोय नव्हती, पण ज्वारी पूर्ण मापाची मिळू लागली. रामजी पावसाळ्यात गेला. सुभद्राने कचेरीत निरोप पाठवून त्याचं युनिट स्वतःहून कमी करवलं. असं करणारी माणसं मला गावात फार भेटली नाहीत.

सेक्रेटरीसाहेबांच्या सांगण्यावरून मी अंगठ्याचं हे सगळं प्रकरण लिहून वर पाठवलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते बरेच दिवस कळलं नाही. मग कार्डं नवीन करायची वेळ आली तेव्हा नागपूरहून छापील सर्क्युलर आलं : रोगामुळे ज्यांना अंगठा किंवा सही देता येत नाही, त्यांना त्यातून सूट द्यावी, चौकटीत क्लार्कने तसा शेरा लिहावा. मला आनंद झाला. सर्क्युलर घेऊन मी स्वतः नाल्यापलीकडे गेलो आणि वाचून दाखवलं, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. आता कुणी काही लिहायची गरज नाही, मी शेरा मारून देतो, असं सांगितलं.

गोविंदाने विचारलं, “मंग माह्या नावाच्या जागी तुमी लिवणार?”

मी हो म्हणालो. त्याने सुभद्राकडे तोंड वळवलं. तिने आत जाऊन काड्या आणल्या.

त्या दिवशी बाराही जणांनी सह्या केल्या आणि एकानेही सूट घेतली नाही. ती सूट द्यायला आमच्या खात्याला दोन वर्षं लागली होती. त्यांना सही शिकायला दहा दिवस लागले होते.